जाताना रस्त्याने, येताना नदीने

मलेशियाला जायचे म्हटले की आपल्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. जुळे मनोरे बघणार ना? आणि खरेदी कुठे करणार? आमच्या थोरलीने तिसरेच काढले. बारावी आणि पाठोपाठ सीईटी आटोपली की मला जंगलात न्या, असे ती वर्षभर घोकत होती. जंगल म्हणजे जीपमध्ये बसून वाघ शोधायचे जंगल नव्हे. पायी हिंडायचे, रात्री बॅटरी घेऊन निघायचे, नदीतून होडीने जायचे जंगल. तिने कुठेतरी तामान नगारा या राष्ट्रीय उद्यानाची माहिती वाचली होती आणि भिंतीवर नकाशा चिकटवून ठेवला होता.

नकाशा बघून आमचे सासरे म्हणाले, "पैसे पाण्यातच घालायचे असतील तर आपली वाशिष्ठी काय वाईट आहे?"

आम्ही चिपळूणचे. त्यामुळे या विनोदावर कोणी हसले नाही.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी घरात आले. कुर्बानीचे अर्धे गोश्त वाटायचे राहिले होते, ते फ्रीजमध्ये होते, आणि तो फ्रीज आमच्या डोळ्यांदेखत हॉलमध्ये तरंगू लागला. आम्ही जिन्याने वर, तिथून गच्चीवर. दिवसभर आणि रात्रभर तिथेच. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या रात्रीनंतर तो समुद्राच्या वाळूत खेळायचा, पण ओल्या वाळूच्या पुढे पाय टाकायचा नाही. पूल ओलांडताना रिक्षात डोळे मिटून बसायचा. आणि थोरलीच्या नकाशावर सगळ्यात जाड निळी रेघ होती ती नदीची.

म्हणून प्रवासाची आखणी करताना आमच्या घरात जे काही झाले ते मुख्यतः या निळ्या रेघेवरून झाले. बाकीचे कागदपत्र, पैसे, हवामान वगैरे त्या मानाने सोपे होते. तरी तेही सांगते, कारण आपल्यातली बरीच कुटुंबे आता उमराह करून परतताना किंवा स्वतंत्रपणे परदेशी हिंडू लागली आहेत आणि आमच्या चुका त्यांना उपयोगी पडतील.

पहिली चूक यांची. मुंबईतल्या एका एजंटाने दिवाळीच्या सुट्टीतले स्वस्त पॅकेज दाखवले. "तिकडे विषुववृत्त जवळ, बारा महिने हवा सारखीच," असे तो म्हणाला आणि यांनी आगाऊ रक्कम भरून टाकली. थोरलीने आठ दिवसांनी विचारले, "अब्बा, महिना कोणता?" आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, जूनमध्ये. मलेशियाच्या पूर्व बाजूला मोठा पाऊस येतो तो ईशान्येकडून, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहांग, केलांतान, तरंगानू ही राज्ये तेव्हा भिजून निघतात, पूर्व किनाऱ्यावरच्या बेटांवरची हॉटेले बंद होतात, आणि तामान नगारा याच तीन राज्यांत पसरलेले आहे. आपण दिवाळी खाऊन निघालो असतो ते नेमके त्यांच्या पावसाच्या तोंडावर. आगाऊ रकमेतले निम्मे परत मिळाले, निम्मे गेले. सासऱ्यांनी एक शब्द उच्चारला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले.

मग ठरले मे महिन्याचे. मार्च ते सप्टेंबर हा तिकडचा त्यातल्या त्यात कोरडा काळ आणि आपल्या शाळांची सुट्टी त्यात बरोबर बसते. कोरडा म्हणजे दुपारी चारला एक सर येणारच, पण ती सर येते आणि जाते. कोकणातल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही.

दुसरा वाद किनाबालूचा. बोर्निओ बेटावर, साबा राज्यात, हा डोंगर आहे, ४,०९५ मीटर उंच. यांचे तरुणपण सह्याद्रीत गेले, कळसूबाई चार वेळा झाली आहे, त्यामुळे यांना तो खुणावू लागला. पण कळसूबाई १,६४६ मीटर. किनाबालूला पायथ्याचे फाटकच सुमारे १,८६६ मीटरवर आहे, म्हणजे आपले शिखर जिथे संपते त्याच्या वरून त्यांची चढण सुरू होते. वाटाड्या सक्तीचा, परवाने मर्यादित, पहिली रात्र सव्वातीन हजार मीटरवरच्या निवासात आणि मध्यरात्रीनंतर शिखराची चढाई. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये तिथे भूकंप झाला तेव्हा दगड कोसळून १८ जण गेले, त्यात सिंगापूरहून आलेली शाळकरी मुले होती. हे वाचल्यावर मी वही मिटली. हे म्हणाले, भूकंप काय रोज होतो? मी म्हटले, पूर तरी कुठे रोज येतो? किनाबालू रद्द झाला. यांच्या मनातून अजून गेलेला नाही, ते निवृत्तीनंतर जाणार आहेत, मी दुआ करीन.

पैशांचे सांगायचे तर चार जणांच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा विमानाच्या तिकिटांनी घेतला. ती आम्ही जानेवारीतच काढली. तिकडे उतरल्यावर खर्च आटोक्यात राहतो. रिंगिट साधारण वीस रुपयांचा धरा. साध्या उपाहारगृहात भात, मासा, भाजी असे ताट आपल्या शहरातल्या बऱ्या हॉटेलाच्या भावात मिळते. पुरानंतर घराचे जोते उंच करायला आम्ही जी रक्कम बाजूला टाकत होतो तिला हात लावायचा नाही, ही सासऱ्यांची अट होती आणि ती पाळली. त्यासाठी माझ्या दोन बांगड्या मोडल्या. हे मी थोरलीला अजून सांगितलेले नाही, आता वाचेल.

कागदपत्रांत फारसे अवघड काही नाही. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत कायमची नाही, सध्या २०२६ च्या अखेरपर्यंत आहे, तेव्हा निघण्याआधी खात्री करावी. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. आमच्यासमोर एक कुटुंब विमानतळावर उभ्या उभ्या तो भरत होते, म्हातारी आजी ट्रॉलीवर बसून झोपली होती. प्रवासाचा विमा घ्या आणि तो वाचा. स्वस्त विम्यात "साहसी खेळ वगळून" अशी बारीक अक्षरांत ओळ असते. होडी, गुहा, दोरखंडाचा पूल हे त्यात मोडते का ते विचारून लेखी घ्या. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, तिकडचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. आणि तिकडचे विजेचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असते. आम्ही त्याचा अडॅप्टर विसरलो आणि पहिली रात्र चार मोबाईल मेलेले.

आता नदी.

तामान नगाराचे मुख्य ठाणे कुआला ताहान या गावासमोर आहे. मलय भाषेत "कुआला" म्हणजे जिथे एक नदी दुसरीला मिळते ती जागा. ताहान नदी इथे तंबलिंगला मिळते. कुआला लुंपुर म्हणजे गढूळ संगम. तो संगम तर शहराच्या मधोमध आहे आणि त्याच्या टोकावर १९०९ साली उघडलेली जामेक मशीद उभी आहे. जुन्या काळी कुआला ताहानला जायचे तर तंबलिंग नदीतून लांबट लाकडी होडीने अडीच-तीन तास वरच्या दिशेने जावे लागे. आता जेरांतुत गावाहून डांबरी रस्ता झाला आहे, दीड-दोन तासांत मोटार पोहोचते. होडी अजूनही मिळते, पण ती आता हौसेची.

थोरलीला होडीच हवी होती. तिच्या मते रस्त्याने जंगलात जाणे म्हणजे बिर्याणी चमच्याने खाणे. धाकटा काही बोलत नव्हता. जेवताना होडीचा विषय निघाला की पाणी पिऊन उठायचा. आम्ही हिवाळ्यात त्याला पोहायला शिकवायचे ठरवले. माझ्या माहेरी गुहागर तालुक्यात विहीर आहे, तिथे आम्ही सगळी भावंडे पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. मामूने त्याच्याही पाठीला डबा बांधला. तो तिसऱ्या पायरीवर बसून राहिला, तासभर, डबा पाठीला तसाच. मामू काही बोलला नाही, दोरी सोडून घरी घेऊन आला.

तेव्हा मी कोणालाही न विचारता रस्त्याची मोटार ठरवून टाकली. जेरांतुतच्या लॉजवाल्याला कळवले, दोन्ही वेळा मोटार, जाताना आणि येताना. थोरलीला सांगितले की होडी मिळत नाही. आईने मुलांशी खोटे बोलू नये हे मला माहीत आहे. शिक्षिका आहे मी, वर्गात रोज सांगते.

मुंबईहून कुआला लुंपुर पाच तासांचा विमानप्रवास. घड्याळ अडीच तास पुढे करायचे. तिथून बसने जेरांतुत, साधारण तीन तास, दोन्ही बाजूंना तेलताडाच्या बागा, मैलोन्मैल एकच झाड. ते बघून मला बरे वाटले नाही, जंगल कापूनच त्या लावल्या असणार. रेल्वेची आवड असणाऱ्यांना गेमासहून तुंपातला जाणारी जुनी जंगल रेल्वेही आहे, ती जेरांतुतवरून जाते. ती सावकाश जाते, आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते.

मोटारीने आम्ही दुपारी कुआला ताहानला उतरलो. आणि समोर नदी. गाव या काठाला, उद्यान त्या काठाला, मध्ये पूल नाही. तरंगती उपाहारगृहे काठाला बांधलेली, ती पाण्यावर डुलत होती, आणि एका उपाहारगृहापासून पलीकडे माणसे नेणारी छोटी होडी. भाडे एक रिंगिट. सहा महिने नकाशा भिंतीवर होता, आणि निळ्या रेघेच्या एका बाजूला खोली आणि दुसऱ्या बाजूला जंगल हे माझ्या एकदाही लक्षात आले नव्हते! जेवायचे तर तरंगत्या फळीवर, जंगलात जायचे तर होडीतून, परत यायचे तर होडीतून. दिवसातून चार वेळा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघे काठावर थांबलो, धाकटा आणि मी. थोरली आणि तिचे अब्बा पलीकडे जाऊन परवाने काढून आले. तंबलिंग तिथे आपल्या वाशिष्ठीपेक्षा फार रुंद नाही. चहाच्या रंगाचे पाणी, आणि तसेच गप्प. उपाहारगृहातल्या बाईने आम्हाला दूध घातलेला तेह तारिक दिला आणि विचारले, "आपा खाबार?" धाकट्याला वाटले तिला हिंदी येते. मलय भाषेत कशी आहेस, कसा आहेस विचारायला असेच म्हणतात, काय खबर. मग आम्ही तिच्याकडून शब्द काढत बसलो. साबण तिकडे साबुन, कपाट अलमारी, खुर्ची करुसी, जग म्हणजे दुनिया. गुरू गुरूच. आणि नगारा म्हणजे देश, हा आपला नगर शब्द. जंगलाच्या नावात नगर! धाकटा पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "एकदाच जायचे ना? मग संध्याकाळी एकदा यायचे." हिशेब करून ठेवला होता. होडीवाला तरुण होता, डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. धाकट्याचा हात धरून त्याने आत घेतले आणि म्हणाला, "हाती-हाती." धाकटा दचकून काठावरच्या झाडीत पाहू लागला. हत्ती कुठे? "हाती-हाती" म्हणजे सांभाळून. दोन मिनिटांचा प्रवास. त्या दोन मिनिटांत त्याने डोळे मिटले नाहीत, कारण तो अजून हत्ती शोधत होता. मीच मिटले होते.

हे जंगल १९३०च्या दशकात पाचव्या जॉर्ज बादशहाच्या नावाने राखीव झाले, स्वातंत्र्यानंतर तामान नगारा झाले. ४,३४३ चौरस किलोमीटर. द्वीपकल्पातले सर्वांत उंच शिखर, गुनुंग ताहान, २,१८७ मीटर, याच्याच पोटात आहे, पण तिथे जायला कित्येक दिवस चालावे लागते. वाघ आहेत, पण साऱ्या मलेशियात मिळून आता दीडशेहून कमी उरले आहेत, तेव्हा दिसण्याची आशा धरू नका. आम्हाला रानडुकरे, माकडे, रात्री बॅटरीच्या उजेडात विंचू आणि काडीसारखे किडे दिसले, आणि चिखलात तापिराच्या पावलाचा तीन बोटांचा ठसा. थोरली त्या ठशाजवळ इतका वेळ बसली की पुढचा गट येऊन थांबला.

ऐकायला साधे वाटते, पण या जंगलात खरे साहस म्हणजे घाम. सावली दाट, वारा नाही, दहा मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात. सुती अंगरखे न्यायची चूक करू नका, ते वाळत नाहीत. पातळ, लांब बाह्यांचे, चटकन वाळणारे कपडे हवेत. माझा हिजाब तसाच होता आणि मला काही अडचण आली नाही, उलट डासांपासून मान वाचली. जळवा आहेत. आपल्या पावसाळी घाटातल्यासारख्याच, पण संख्येने भरपूर. लांब मोजे विजारीवर ओढून घ्या आणि थोडे मीठ बरोबर ठेवा. लागली तर घाबरू नये, उपटू नये. गुहेत वाकून, वटवाघळांच्या विष्ठेतून जावे लागते. आम्ही हातपाय खरचटलेले असल्याने गेलो नाही. लेप्टो काय असतो ते पुरानंतर चिपळुणात आम्ही पाहिले आहे. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा झुलता पूल कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, निघण्याआधी विचारावे.

बतेक आदिवासींच्या वस्तीत नेणाऱ्या सहली आहेत. बांबूच्या फुंकनळीतून बाण मारून दाखवतात, लाकूड घासून विस्तव पेटवतात. आम्ही गेलो, पण मला तिथे अवघडल्यासारखे झाले. लोक त्यांच्या लेकरांचे फोटो काढत होते. पूर आला तेव्हा आमच्याही गल्लीत बाहेरची माणसे येऊन आमचे फोटो काढून गेली होती. मी मोबाईल पर्समध्येच ठेवला.

खाण्यापिण्याची आणि नमाजाची चिंता करणाऱ्यांनी ती सोडावी. हलाल शोधावे लागत नाही, शंका आली तर सरकारी हलाल शिक्का बघावा. प्रत्येक बसस्थानकावर, पेट्रोल पंपावर सुराऊ म्हणजे छोटी नमाजगाह असते, बायकांची जागा वेगळी, आणि तिथे टांगलेले पांढरे तेलेकुंग असते, कपड्यांवरून चढवायचे. हॉटेलच्या खोलीत छताला किब्ल्याचा बाण. आणि कोकणी माणसाला आणखी एक गंमत. आम्ही शाफई, महाराष्ट्रातले बहुतेक बांधव हनफी, त्यामुळे घाटावर फजरच्या नमाजात आमचे हे नेहमी थोडे वेगळे पडतात. कुआला ताहानच्या मशिदीत पहाटे इमामाने दुसऱ्या रकातीत रुकूनंतर कुनूतसाठी हात उचलले आणि हे परत येऊन म्हणाले, "अगदी आपल्या मोहल्ल्यात असल्यासारखे वाटले." तिकडचे मलय लोकही शाफईच. प्रवासात दोन नमाजा एकत्र पढायची सोय आम्ही घेतली. हनफी वाचकांनी आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

तिसऱ्या दिवशी धाकट्याने होडीचे पैसे स्वतः दिले. चौथ्या दिवशी सकाळी तो पुढच्या फळीवर बसला. त्या होडीवाल्याशी त्याची दोस्ती झाली होती, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. संध्याकाळी होडीवाल्याने त्याला २०१४ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. त्या पुराने पहांग आणि केलांतानचे अतोनात नुकसान केले, कुआला ताहानला पर्यटक अडकले, त्यांना बाहेर काढावे लागले. होडीवाल्याने काठाच्या वर, पायऱ्यांच्याही वर, हात उंच करून दाखवला. पाणी इथपर्यंत. धाकट्याने आपला हात उंचावला, पुरेना म्हणून खुर्चीवर चढला आणि दाखवले. आमच्याकडे इथपर्यंत. मग दोघे गप्प बसून भात खाऊ लागले.

त्याच रात्री तो मला म्हणाला, "मम्मी, होडी मिळते. मी त्याला विचारले."

मी थोरलीकडे पाहिले. ती माझ्याकडेच पाहत होती. खोटे उघडे पडल्यावर आई कशी दिसते हे मुलांना चांगले ठाऊक असते. मी लॉजवाल्याला फोन करून येतानाची मोटार रद्द केली.

निघायच्या सकाळी होडीत बसण्याआधी मी चौघांची जाकिटे दोनदा तपासली. धाकट्याचे जाकीट मोठे होते, ते बदलून मागितले, होडीवाल्याने दुसऱ्या होडीतून लहान आणून दिले. घरच्या मापाचे जाकीट मिळत नसेल तर आधीच कळवावे, हे आखणीच्या वहीत लिहायचे राहून गेले होते, इथे लिहिते. "बिस्मिल्लाहि मजरेहा" धाकटा स्वतःच पुटपुटला, त्याला दादीने शिकवले होते. होडी इतकी अरुंद की एकामागे एक बसायचे, पाणी हाताच्या अंतरावर. पहिल्या खळाळापाशी होडी खाली गेली, पाणी आत उडाले, थोरली ओरडली. धाकटा दोन्ही काठ घट्ट धरून होता, बोटे पांढरी पडली होती. दुसऱ्या खळाळाला त्याने एक हात सोडला. नंतर नदी रुंद आणि शांत झाली, काठावर म्हशी डुंबत होत्या, वर धनेश पक्ष्यांची जोडी पंखांचा मोठा आवाज करत गेली.

तास-दीड तासाने त्याने मागे वळून विचारले, "मम्मी, तू डोळे उघडलेस का?"

कुआला तंबलिंगला आणखी एक नदी येऊन मिळते आणि तिथून पुढे तिला पहांग म्हणतात. धक्क्यावर आम्ही उतरलो तेव्हा माझे कपडे कमरेपर्यंत ओले होते. जेरांतुतच्या बसला पाऊण तास होता. हे चहा आणायला गेले, थोरली पिशव्या मोजत बसली, आणि धाकटा परत पायऱ्या उतरून चप्पल धुवायला पाण्याशी गेला.